गंडमाळ आणि तिची सोंगे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला शाळेने चालविली आहे, ते आम्हांला आठवीत इतिहास शिकवीत. बेळगावचा पावसाळा असो वा चैत्रातले ऊन असो, त्यांच्या कोटाची कॉलर नेहमी वरच्या गुंडीपर्यंत बंद असे. त्याबद्दल आम्ही मुले नाना तर्क करीत असू. एके दिवशी इंग्लंडच्या स्टुअर्ट राजांचा धडा चालला होता. राजाने नुसता हात लावला की गळ्यावरच्या गाठी बऱ्या होतात, अशी त्या काळच्या प्रजेची समजूत होती, असे गुरुजींनी सांगताच वर्गात हशा पिकला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी सावकाश वरची गुंडी काढली आणि जबड्याखालचा, चुरगळलेल्या कागदासारखा दिसणारा पांढुरका वण आम्हांला दाखविला. "मला राजा भेटला नाही, वैदू भेटला," एवढेच ते म्हणाले. पुढे पुष्कळ वर्षांनी, मी डॉक्टर झाल्यावर, त्यांनी उरलेली हकीकत सांगितली. सहाव्या वर्षी गाठ आली. प्रथम बिब्बा घातला, मग तापल्या सळईचा डाग दिला. गाठ फुटून वर्षभर वाहत राहिली. आणि त्या वर्षभर शाळेत त्यांचे बसकर इतर मुलांपासून चार हात दूर, दाराशी टाकले जाई. गाठीपेक्षा ते बसकर त्यांच्या अधिक लक्षात राहिले होते.

मी मुलांचा डॉक्टर. इतिहासाच्या शिक्षकाच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मी काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला. मग ती कॉलर आठवली. लहान मुलाच्या मानेवरच्या गाठीचा इतिहास हाच माझा आजचा विषय. यात राजे आहेत, गाई आहेत, मांजरे आहेत, आणि एके ठिकाणी माझी स्वतःची एक चूकही आहे.

आरंभी शब्दांचा विचार करू, कारण आपल्या भाषेने या बाबतीत पुष्कळ बारकावा राखला आहे. पायाला काटा लागून जांघेत गाठ आली, तर आपल्या आज्या तिला 'अवधाण' म्हणत आणि जखम बरी झाली की ती आपोआप बसेल, असे निश्चिंतपणे सांगत. हे निदान आजच्या वैद्यकालाही मान्य आहे. जखमेतील जंतू लसीकेबरोबर वाहत जवळच्या ग्रंथीपर्यंत येतात, तेथे शरीराच्या पेशी त्यांना अडवितात, आणि त्या झटापटीत ग्रंथी फुगते. मुलांच्या मानेतील बहुतेक गाठी या जातीच्या असतात. घसा आला, दात किडला, डोक्यात खरूज झाली, की कानामागे किंवा जबड्याखाली गाठ येते व काही आठवड्यांत ओसरते. गालफुगी म्हणजे गालगुंड, ती लाळेच्या ग्रंथीची. 'गलगंड' हा गळ्याच्या पुढील भागातील निराळा विकार. या सर्वांहून वेगळी ती गंडमाळ. ती दुखत नाही, ताप आणीलच असे नाही, महिनोन् महिने रेंगाळते, कातडीला चिकटते, फुटते आणि वाहते.

प्राचीन ग्रंथकारांनी तिला चांगले ओळखले होते. गळ्याच्या बाजूस एकच गाठ असेल तर गलगंड आणि पुष्कळ असतील तर गंडमाला, असा भेद चरकाने केला. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार आहे. माधवनिदानात या गाठींची मापे बोराएवढी, आवळ्याएवढी अशी दिली आहेत. डॉक्टर आजही लिंबाएवढी, सुपारीएवढी असेच लिहितात. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटते ते साध्यासाध्यतेविषयीचे त्यांचे निरीक्षण. नुसती गंडमाळ साध्य; पण तिच्या जोडीला खोकला, ज्वर, बरगडीतली कळ, वांती असेल तर असाध्य, असे ते सांगतात. सूक्ष्मदर्शकावाचून, केवळ रोगी पाहत राहून, गाठीच्या रोगाचा आणि छातीच्या रोगाचा काही संबंध आहे, हे ज्यांनी हेरले, त्यांच्या नजरेचे कौतुक केलेच पाहिजे. पुढे शार्ङ्गधराच्या काळात कांचनार गुग्गुळ हे औषध प्रसिद्ध झाले. ते आजही वैद्यांच्या दुकानात मिळते.

युरोपात या रोगाचे नाव स्क्रोफुला. लॅटिनमध्ये स्क्रोफा म्हणजे डुकरीण. गाठींनी फुगलेली मान पाहून हे नाव पडले असावे. लोकभाषेत मात्र तो 'राजाचा रोग' होता. इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांच्या राजांना अभिषेकाबरोबर हा रोग बरा करण्याचे सामर्थ्य लाभते, अशी श्रद्धा मध्ययुगापासून होती. इंग्लंडमध्ये तिचा आरंभ एडवर्ड द कन्फेसर या राजापाशी नेतात. शेक्सपिअरने 'मॅकबेथ' नाटकात या प्रकाराचा उल्लेख केला आहे. गुरुजींनी सांगितलेल्या दुसऱ्या चार्ल्सने १६६० ते १६८५ या आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक माणसांना हस्तस्पर्श केल्याची नोंद आहे. हा समारंभ मोठ्या शिस्तीने होई. राजाच्या शल्यवैद्यांनी आधी गाठ तपासायची. रोगी पूर्वी येऊन गेलेला नाही असा गावच्या धर्मगुरूचा दाखला आणायचा. मग प्रार्थना, स्पर्श, आणि शेवटी गळ्यात फितीने बांधलेले सोन्याचे नाणे. दाखला कशासाठी, हे नाण्याकडे पाहिले म्हणजे कळते.

या रोग्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन. त्याचा जन्म १७०९ सालचा. तान्हेपणी मानेत गाठी उठल्या, त्यांवर शस्त्र चालवावे लागले, एका डोळ्याची दृष्टीही अधू झाली. १७१२ च्या मार्चमध्ये, अडीच वर्षांच्या या मुलाला घेऊन त्याची आई लिचफील्डहून लंडनला गेली आणि ॲन राणीने त्याला स्पर्श केला. काळे शिरोवस्त्र घेतलेली, हिरे ल्यालेली एक बाई, इतकीच अंधुक आठवण त्याला पुढे उरली. राणीने दिलेले नाणे त्याने १७८४ साली मरेपर्यंत गळ्यात वागविले. रोग काही त्या स्पर्शाने हटला नाही. वण जन्मभर राहिले. १७१४ साली ॲन राणी वारली आणि इंग्लंडमधील ही प्रथा तिच्याबरोबर संपली. फ्रान्समध्ये दहाव्या चार्ल्सने १८२५ साली राज्याभिषेकाच्या वेळी शंभरावर रोग्यांना स्पर्श केला, तो अखेरचा. मार्क ब्लॉक या फ्रेंच इतिहासकाराने १९२४ साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. एवढी माणसे शतकानुशतके फसत कशी राहिली, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याने इतिहासकाराच्या पद्धतीने दिले. डॉक्टर म्हणून मी त्यात एवढीच भर घालीन की, राजाच्या पुढ्यात आलेल्या गाठी एका जातीच्या नव्हत्या. त्यांतील पुष्कळशा, राजा असो वा नसो, सहा महिन्यांत किंवा वर्षात बसणाऱ्याच होत्या. ज्या बसल्या त्या राजाच्या खाती जमा झाल्या.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवून दिला, आणि गंडमाळ हा मानेतील क्षय होय, हे पुढे सिद्ध झाले. येथे हा इतिहास संपायला हवा होता. पण तो खरा येथून गुंतागुंतीचा होतो. १८९८ साली अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ याने माणसाचा क्षयजंतू आणि गाईचा क्षयजंतू निराळे आहेत, हे दाखविले. १९०१ साली लंडनच्या परिषदेत कॉखने जाहीर केले की, गाईच्या क्षयाची बाधा माणसाला क्वचितच होते, तेव्हा दुधाविषयी विशेष काळजी घेण्याचे कारण नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द. गवळ्यांना तो गोड वाटला असेल. परंतु ब्रिटिश सरकारने त्यावर विसंबून न राहता चौकशी आयोग नेमला आणि त्या आयोगाने दहा वर्षे खपून १९११ साली अखेरचा अहवाल दिला. कॉखचे म्हणणे चुकीचे ठरले. मुलांच्या मानेतील व पोटातील ग्रंथींचा क्षय पुष्कळ वेळा गाईच्याच जंतूमुळे, न तापविलेल्या दुधावाटे होतो, हे निर्विवाद झाले. गाईंची तपासणी व दुधाचे पाश्चरीकरण रूढ झाल्यावर तेथील मुलांच्या माना पुढच्या पिढीत स्वच्छ झाल्या.

आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापविण्याची चाल कोणी काढली, त्या बाईचे नाव इतिहासात नाही. ती चाल साय धरण्यासाठी पडली असो वा दूध नासू नये म्हणून, तिने अगणित मुलांना वाचविले आहे. हल्ली 'कच्चे दूध अधिक सकस' असे सांगणारे शहाणे पुन्हा निघाले आहेत. त्यांना १९११ चा अहवाल वाचावयास द्यावा, असे मला फार वाटते.

आता माझ्या चुकीकडे येतो. १९८४ च्या सुमाराची गोष्ट आहे. साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ, दोन महिन्यांची. ताप नाही, खोकला नाही, वजन उत्तम. तपासताना ती माझ्या स्टेथॉस्कोपशी खेळत होती. गाठीला हात लावला तरी रडली नाही. गाठीवरची कातडी जांभळट होऊ लागली होती. मांटूची चाचणी थोडीशी उठली, छातीचा एक्स-रे स्वच्छ, घरात कोणालाही क्षय नाही. आपल्या देशात अशा वेळी क्षय हेच निदान प्रथम मनात येते आणि ते यावे हेच योग्य. मी क्षयाची औषधे सुरू केली. सहा आठवड्यांनी गाठ मऊ झाली, तेव्हा आत पू झाला आहे असे समजून मी ती चिरली. पू थोडाच निघाला. चिरलेली जागा भरून येईना. सात महिने ती वाहत राहिली. रोज सकाळी त्या मुलीची आई फडक्याची घडी बदलून, फ्रॉकच्या गळ्याला रुमाल टाचून तिला बालवाडीत धाडी. एके दिवशी ती मला म्हणाली, "डॉक्टर, हिला बाकीच्या मुलांच्यात बसवीत नाहीत." मला गुरुजींचे बसकर आठवले. त्या बसकराची सोय या वेळी मी करून ठेवली होती.

अखेर गाठीचा तुकडा मी परगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत संवर्धनासाठी पाठविला. सात-आठ आठवड्यांनी उत्तर आले: जंतू क्षयाच्या घराण्यातला, पण क्षयाचा नव्हे. एका अनुभवी शल्यविशारदांनी ती पूर्ण ग्रंथी मुळापासून काढली आणि तीन आठवड्यांत मान कोरडी झाली. ओठाचा एक कोपरा काही महिने हसताना वाकडा होई, कारण तेथून जाणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा दुखावली होती. तेही हळूहळू सुधारले. मी वर्षभर दिलेल्या गोळ्यांपैकी बहुतेक त्या जंतूला लागू पडणाऱ्याच नव्हत्या, आणि अशी गाठ नुसती चिरली की ती वाहत राहते, ही गोष्ट तोवर ग्रंथांत छापून जुनी झाली होती. मी ती वाचली नव्हती.

त्या जंतूंची कथा अशी. क्षयजंतूचे शेकडो भाऊबंद माती, पाणी, नळ, धूळ यांत राहतात. माणसापासून माणसाला ते सहसा लागत नाहीत. मूल चिखलात खेळते, बोटे तोंडात घालते, दात येताना हिरडी फुटलेली असते. तेवढ्या फटीतून जंतू आत शिरतो व जबड्याखालच्या ग्रंथीत ठाण मांडतो. म्हणून एक ते पाच वर्षांची मुले आणि बहुधा एकच बाजू. कॅनडातील प्रिसिक व मॅसन यांनी १९५६ साली मुलांच्या मानेतील गाठींतून रंगीत वसाहती धरणारा असा एक जंतू वेगळा काढला. त्याला पुढे जे नाव मिळाले त्यात स्क्रोफुला हा जुना शब्दच आला आहे. १९५९ साली अर्नेस्ट रनियन याने या भाऊबंदांची वाढीचा वेग व रंग पाहून चार गटांत वर्गवारी केली. पुढील दशकांत पाश्चात्त्य देशांत त्या पहिल्या जंतूचे प्रमाण घटले आणि पक्ष्यांच्या क्षयजंतूच्या गोत्रातील जंतू पुढे आला. १९७८ साली इस्रायलमध्ये आणखी एकाचे वर्णन झाले. त्याला वाढीसाठी रक्तातील लोह लागते व अंगापेक्षा थंड उबारा लागतो. नेहमीच्या पद्धतीने पेरला तर तो उगवतच नाही. कित्येक वर्षे प्रयोगशाळा 'जंतू आढळला नाही' असे लिहीत होत्या, त्या उत्तरांत हाच लपलेला असणार.

आणखी एक विलक्षण गोष्ट येथे सांगितली पाहिजे. स्वीडनने १९७५ साली सर्व नवजात बालकांना बीसीजी लस टोचणे थांबविले, आणि त्यानंतर तेथील मुलांत या भाऊबंद जंतूंच्या गाठी वाढल्या. एका जंतूसाठी केलेली लस दुसऱ्यालाही दूर ठेवीत होती, हे लस बंद केल्यावर समजले. आपल्याकडे याची दुसरी बाजू दिसली. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची जी प्रसिद्ध चाचणी झाली, तीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळले नाही. तेथील माती-पाण्यातल्या या भाऊबंदांशी लोकांचा आधीच परिचय झालेला होता, हे त्याचे एक कारण अनेक संशोधक देतात. बालकांच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर क्षयापासून मात्र ही लस वाचविते, म्हणून आपण ती टोचीत राहिलो आणि ते बरोबरच आहे. लस टोचलेल्या बाळाच्या डाव्या काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर काही महिन्यांनी एखादी गाठ येते, ती पुष्कळदा त्या लसीचीच असते. बाळ खुशीत असेल तर तिच्याकडे नुसते लक्ष ठेवावे.

उपचारांचा वाद बरीच वर्षे चालला. नेदरलँड्समधील लिंडेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर मुलांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. पन्नास जणांची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, पन्नास जणांना दोन प्रतिजैविके दिली. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रियेने ९६ टक्के बरी, औषधाने ६६ टक्के. प्रश्न मिटला असे वाटले. पण पुढच्याच वर्षी इस्रायलमधून वार्ता आली की, पालकांनी शस्त्रक्रिया नाकारलेल्या ९२ मुलांना नुसते पाहत राहिले, तर बहुतेकांच्या गाठी सहा महिन्यांत व उरलेल्यांच्या वर्षाच्या आत बसल्या, काही वाहून बसल्या इतकेच. दुसऱ्या चार्ल्सचे यश कशात होते, हे मला ती वार्ता वाचताना अधिक स्पष्ट झाले. आज यांतील कोणता मार्ग घ्यावा हे गाठ कोठे आहे, चेहऱ्याच्या मज्जातंतूला किती जवळ आहे, कातडी किती पातळ झाली आहे, यावर ठरवितात. अर्धवट चिरणे तेवढे टाळावे, यावर सर्वांचे एकमत आहे.

मांजराची कथा याहून रंजक आहे. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९३१ साली एक मुलगा पाहिला. त्याला पिकलेली गाठ होती आणि हातांवर मांजराचे ओरखडे होते. हा संबंध त्यांच्या मनात राहिला व १९५० साली त्यांनी तो शास्त्रीय निबंधात मांडला. अमेरिकेत ली फोशे यांना स्वतंत्रपणे तोच संशय आला होता. रोग मिळाला, पण जंतू सापडेना. १९८३ साली अमेरिकन सैन्याच्या रोगनिदान संस्थेत चांदीच्या रंगद्रव्याने रंगविलेल्या गाठीत बारीक जंतू प्रथम दिसले. १९८८ साली तेथेच एक जंतू उगविला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे बारसेही झाले. आणि तो चुकीचा निघाला! १९९२ साली रेग्नरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्याच जंतूविरुद्धची द्रव्ये या रोग्यांच्या रक्तात दाखविली. त्याचे आजचे नाव बार्टोनेला हेन्सेली. मांजरांमध्ये तो पिसवांमुळे पसरतो; पिसवांची विष्ठा नखांत राहते व ओरखड्यातून मुलाच्या अंगात जाते. थोराड मांजरापेक्षा पिल्लू अधिक धोक्याचे. एक-दोन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते. डोळ्याला बाधा झाली तर कानापुढे गाठ येते. हे चित्र पॅरिनो या फ्रेंच नेत्रवैद्याने १८८९ सालीच नोंदवून ठेवले होते, कारण ठाऊक नसताना. ही गाठ दोन-चार महिन्यांत बहुधा आपोआप बसते. १९९८ साली अवघ्या २९ रोग्यांवर झालेल्या चाचणीत पाच दिवसांच्या ॲझिथ्रोमायसिनने पहिल्या महिन्यात गाठ लवकर लहान झाली, पुढे मात्र फरक उरला नाही. पू झालाच तर सुईने ओढून घ्यावा.

आपल्या बेळगाव-धारवाडच्या मुलखात गाठीची भीती घराघरांत मुरलेली आहे, तिचे कारण निराळे. प्लेगला आपले लोक 'गाठीचा ताप' म्हणत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी तो ओळखला. त्यापुढच्या वर्षांत तो आपल्या भागात आला आणि १८९८ साली हुबळीत हाफकिन यांची लस हजारोंनी टोचली गेली. प्लेगची गाठ मोठ्यांना बहुधा जांघेत, पण मुलांना मानेतही येते. तिचा वेग मात्र तासांचा: सणकून ताप, बधिरपणा आणि कोंबडीच्या अंड्याएवढी असह्य दुखरी गाठ. महिनाभर मुकाट्याने बसलेल्या गाठीशी तिचे नाते नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावाची बातमी आली, तेव्हा माझ्या दवाखान्यात एका आठवड्यात जितकी अवधाणे आली तितकी एरवी वर्षात येत नसत.

हे सर्व ऐकून कोणी असे समजू नये की, क्षय मागे पडला. भारतात मुलाच्या मानेतील रेंगाळणाऱ्या गाठीचे पहिले संशयित कारण आजही क्षयच आहे, आणि ते बरे होणारे कारण आहे. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने मुलांच्या ग्रंथिक्षयावर सहा महिन्यांचे उपचार पुरेसे होतात, हे १९९० साली दाखवून दिले. उपचार चालू असता गाठ मध्येच मोठी होते किंवा नवी गाठ येते. पालक घाबरून औषध सोडतात. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने केलेली ती धावपळ असू शकते, औषध हरले असा तिचा अर्थ लगेच करू नये. माझ्या तरुणपणी न मिळणारी साधनेही आता आहेत. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून पाहता येतात, त्याच नमुन्यावर दोन तासांत क्षयजंतूचा जनुकीय शोध घेता येतो व रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही कळते. ग्रंथींच्या नमुन्यासाठी ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून शिफारसीत घेतली आहे. सुईचा काही भाग संवर्धनासाठी ठेवावा, इतकाच माझा आग्रह असतो. गळपट्टीच्या हाडावरची गाठ, दगडासारखी टणक गाठ, तापाबरोबर वजन घटणे, रात्री घाम येणे, फिकटपणा, ही लक्षणे असतील तर कर्करोगाचाही विचार करून तातडीने तपासावे. तेथे वाट पाहणे नको.

त्या मुलीची हकीकत राहिली. ती आता पंचेचाळिशीच्या घरात आहे आणि दुसऱ्या गावी शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी ती आपल्या सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन माझ्याकडे आली. उजव्या जबड्याखाली गाठ, तीन आठवड्यांची, थोडी दुखरी. मुलाच्या मनगटावर वाळलेले दोन ओरखडे होते. घरी मांजरीला पिल्ले झाली होती. आजीबाईंचे म्हणणे, मांजर आजच्या आज नदीपलीकडे सोडून यावे आणि गाठ चिरून मोकळी करावी. मी सुईने नमुना घेतला, क्षयाचा शोध नकारात्मक आला, आणि दोन महिने थांबू असे सांगितले. मांजरीला पिसवांचे औषध घालावयास पशुवैद्यांकडे धाडले. मुलगा त्या दोन महिन्यांत एक दिवसही शाळेत गैरहजर राहिला नाही. त्याच्या आत्याने वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन सांगितले होते की, हे कोणालाही लागत नाही, याला नेहमीच्या बाकावरच बसवा. नवरात्रात आली होती ती गाठ तुळशीच्या लग्नापर्यंत हरभऱ्याएवढी उरली होती.